अंतर एक, वेळ अनेक

मराठवाड्याच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ हे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र आहे. येथील नागनाथाचे स्थान बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. मंदिर दगडी आणि हेमाडपंती बांधणीचे असून त्याच्या भिंतींवरील कोरीव काम पाहताना माणूस तासन्‌तास रमतो. श्रावणातील सोमवारी आणि महाशिवरात्रीस येथे यात्रेकरूंची दाटी होते. कोणी पायी येतो, कोणी बैलगाडीने, कोणी एसटीच्या गाडीने, तर कोणी आगगाडीने हिंगोलीपर्यंत येऊन पुढे मोटार करतो.

अशा वेळी मंदिराच्या आवारात टेकलेल्या यात्रेकरूंना एकच प्रश्न विचारून पाहावा, "आपले गाव येथून किती लांब?" पायी आलेला वारकरी म्हणेल, "चार मुक्काम पडले." एसटीने आलेला म्हणेल, "पाच तासांची वाट आहे." मुंबईहून आलेला सांगेल, "एक रात्र गेली." प्रश्न अंतराचा असतो, उत्तर मात्र बहुधा वेळाचे येते. पन्नास किंवा पाचशे किलोमीटर असा आकडा क्वचितच कोणाच्या तोंडी येतो. माणूस अंतर पायांनी व डोळ्यांनी अनुभवतो खरा, पण लक्षात ठेवतो तो वेळ.

ही सवय फार जुनी आहे. संत नामदेव पंढरपूरहून औंढ्यास आले आणि येथे त्यांना विसोबा खेचर हे गुरू लाभले, असे परंपरा सांगते. नकाशावर पंढरपूर व औंढा यांच्यामध्ये सरळ रेघ ओढली, तर ती सुमारे २७० किलोमीटर भरते. परंतु पायी चालणाऱ्यास सरळ रेघ कोठून मिळणार? वाटेत भीमा, सीना, मांजरा आणि गोदावरी या नद्या आडव्या येतात. त्यांचे उतार शोधावे लागतात. डोंगराला वळसा घालावा लागतो. पाणी आणि सावली पाहून मुक्काम करावा लागतो. रोज पंचवीस किलोमीटरांची मजल मारली, तरी ही वाट बारा दिवसांच्या आत संपत नाही. त्या काळी पंढरपूर औंढ्यापासून 'बारा मुक्कामांवर' होते, असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही.

राजधानीचे अंतरही औंढ्याच्या लोकांनी असेच वेळाने मोजले. पूर्वी हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यामुळे औंढ्याची राजधानी हैदराबाद न राहता मुंबई झाली. सरळ रेघेने हैदराबाद येथून सुमारे २८० किलोमीटर आहे, तर मुंबई सुमारे ४५० किलोमीटर. म्हणजे राजधानी पावणेदोनशे किलोमीटर लांब गेली! तरीही लोकांना ती जवळ आल्यासारखी वाटली, कारण तेथील कचेरीत आपली भाषा समजणार होती. जवळ आणि लांब हे शब्द केवळ नकाशावरून ठरत नाहीत, ते असे.

तथापि, सरळ रेघेचे अंतर आधी ठाऊक असावे लागते. विमान याच रेघेच्या आधाराने जाते. औंढ्यास विमानतळ नाही. येथील माणसास विमानाने जावयाचे असेल, तर साठ-पासष्ट किलोमीटरांवरील नांदेड गाठावे लागते. तेथील विमानतळास श्री गुरु गोविंदसिंगजींचे नाव दिले आहे. गुरु गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये नांदेड येथे देह ठेवला. म्हणून देशोदेशीचे शीख यात्रेकरू तेथे येतात.

आता नांदेड आणि मुंबई या दोन शहरांमधील आकाशमार्गाचे अंतर काढू. त्यासाठी आकाशात चढण्याची गरज नाही. भूगोलाचे पुस्तक आणि पेन्सिल पुरे. पृथ्वीच्या गोलावर अक्षांश आणि रेखांश यांच्या रेषा कल्पिलेल्या आहेत. नांदेडचे विमानतळ आणि मुंबईचे विमानतळ दोन्ही उत्तर अक्षांश १९ अंशांच्या किंचित वर आहेत. म्हणजे मुंबई नांदेडच्या जवळजवळ थेट पश्चिमेस आहे. नांदेडचे रेखांश सुमारे ७७ अंश १९ मिनिटे, तर मुंबईचे सुमारे ७२ अंश ५२ मिनिटे. दोहोंतील फरक ४ अंश २७ मिनिटे, म्हणजे जवळजवळ साडेचार अंश.

विषुववृत्तावर एका रेखांशाची रुंदी सुमारे १११ किलोमीटर असते. उत्तरेकडे जावे तसतशा या रेषा एकमेकींच्या जवळ येतात आणि ध्रुवावर एकत्र मिळतात. खरबुजाच्या शिरा मध्यभागी एकमेकींपासून दूर असतात व देठाशी एकत्र येतात, तसेच हे. आपल्या १९ अक्षांशावर एका रेखांशाची रुंदी सुमारे १०५ किलोमीटर राहते. १०५ ला ४.४५ ने गुणले म्हणजे ४६७ येतात. नांदेड आणि मुंबई यांच्यामधील हवाई अंतर सुमारे ४७० किलोमीटर आहे, असे आपण निश्चित म्हणू शकतो. आगगाडी मात्र परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर, मनमाड असा वळसा घेत जाते. तिचा मार्ग सहाशे किलोमीटरांच्या आसपास भरतो आणि तिला अकरा-बारा तास लागतात.

याच दोन शहरांमधून रोज एक प्रवासी जातो. तो तिकीट काढत नाही, सामान घेत नाही आणि कधी उशीरही करीत नाही. तो प्रवासी म्हणजे सकाळचे ऊन! पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एक अंश फिरण्यास तिला चार मिनिटे लागतात. साडेचार अंशांस झाली अठरा मिनिटे. नांदेडच्या गोदाकाठी सूर्य उगवला की त्यानंतर सुमारे अठरा मिनिटांनी तो मुंबईस उगवतो. घड्याळे मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवितात, कारण सबंध भारतात एकच प्रमाणवेळ मानली जाते.

विमानास इतका वेग साधत नाही. अशा जवळच्या शहरांमध्ये बहुधा पंख्याची लहान विमाने चालतात. त्यांतील सत्तर-बाहत्तर प्रवाशांचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. वेगाने अंतरास भागले की वेळ निघतो, हे गणित सर्वांस ठाऊक आहे. ४७० भागिले ५००, म्हणजे सुमारे ५६ मिनिटे. परंतु वेळापत्रकात पाहावे तर अशा प्रवासास सव्वा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ दिलेला असतो. गणित चुकले काय?

गणित चुकले नाही. ते अपुरे राहिले. विमानाचे दार बंद झाल्यापासून ते पुन्हा उघडेपर्यंतचा सर्व वेळ वेळापत्रकात धरावा लागतो. आरंभी विमान जमिनीवर हळूहळू चालत धावपट्टीच्या टोकाशी जाते. उड्डाण नेहमी वाऱ्याकडे तोंड करून करावयाचे असते. समोरून येणारा वारा पंखांखाली भरला म्हणजे विमान लवकर उचलले जाते. त्यामुळे पश्चिमेस जावयाचे असूनही कधी कधी पूर्वेस उडून मग वळावे लागते. नंतर चढण लागते, आणि चढताना वेग कमी असतो. आकाशातही वाटा आखलेल्या असतात. वैमानिकास त्या सोडून मनास येईल तसे जाता येत नाही. मुंबई जवळ आली की उतरण्यासाठी रांग असते. एका धावपट्टीवर एका वेळी एकच विमान उतरू शकते; बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत आकाशात घिरट्या घालावयाच्या. अशी पाच-पाच, सात-सात मिनिटे मिळून वीस मिनिटे सहज होतात.

नांदेड आणि हैदराबाद यांचे उदाहरण याहूनही बोलके आहे. 'उडान' योजनेखाली या दोन शहरांमधील विमानसेवेचा आरंभ २७ एप्रिल २०१७ रोजी झाला. त्यांच्यामधील हवाई अंतर जेमतेम २४५ किलोमीटर आहे. ताशी ५०० किलोमीटरांच्या हिशोबाने अर्धा तास पुरावा. प्रत्यक्षात अशा प्रवासासाठी सुमारे एक तास धरावा लागतो. अंतर निम्मे झाले म्हणून वेळ निम्मा होत नाही. चढणे, उतरणे आणि थांबणे ही कामे लहान प्रवासातही तेवढीच असतात.

वाऱ्याचीही एक गंमत आहे. समजा, विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटर आहे आणि पश्चिमेकडून ताशी ५० किलोमीटर वेगाने वारा वाहत आहे. नांदेडहून मुंबईस जाताना वारा समोरून लागेल. जमिनीवरून पाहिले तर विमानाचा वेग ४५० राहील आणि ४७० किलोमीटरांस सुमारे ६३ मिनिटे लागतील. परतताना वारा पाठीशी असेल, वेग ५५० होईल आणि ५१ मिनिटे पुरतील. जाण्यायेण्याची मिळून ११४ मिनिटे झाली. वारा पडलेला असता तर सुमारे ११३ लागली असती. जाताना वाऱ्याने जेवढे घेतले, तेवढे येताना तो पुरते परत देत नाही!

आता औंढ्याच्या माणसाकडे परत येऊ. एखाद्या गृहस्थास आपल्या आजारी भावास भेटण्यासाठी तातडीने मुंबईस जावयाचे आहे आणि त्या दिवशी नांदेडहून मुंबईस थेट विमान आहे, असे समजू. औंढ्याहून वसमतमार्गे नांदेडास पोहोचण्यास दीड तास. विमान सुटण्यापूर्वी दीड तास तेथे हजर राहावे लागते. तिकीट, सामान आणि झडती यांत तो वेळ जातो. विमानात सव्वा तास. मुंबईस उतरल्यावर सामान घेऊन बाहेर पडण्यास अर्धा तास. पुढे शहराच्या गर्दीतून रुग्णालयापर्यंत एक तास. बेरीज केली म्हणजे पावणेसहा तास होतात. त्यांपैकी विमानातील वेळ केवळ सव्वा तासाचा, म्हणजे एकंदर वेळाच्या चौथ्या हिश्शाहूनही थोडा कमी. आगगाडीने गेला असता, तर घरापासून रुग्णालयापर्यंत त्यास चौदा-पंधरा तास लागले असते. भावाच्या उशाशी आठ-नऊ तास आधी पोहोचणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु या बेरजेत एक धडा आहे. विमानाचा वेग उद्या दुप्पट झाला, तर फार तर अर्धा तास वाचेल. औंढा-नांदेड रस्ता चांगला राहिला, वेळेवर गाडी मिळाली आणि विमानतळावरील रांग आटोपशीर झाली, तरीही तेवढाच किंवा त्याहून अधिक वेळ वाचेल. साखळीतील सर्वांत चकचकीत कडी कोणती हे पाहून भागत नाही. सर्वांत मंद कडी कोणती हे पाहावे लागते.

भारतातील हवाई टपालाच्या आरंभी ही गोष्ट मोठ्या मौजेने दिसून आली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका लहानशा 'पस मॉथ' विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट हे टपाल घेऊन बेळ्ळारीमार्गे मद्रासेस गेले. विमानाचा वेग ताशी सुमारे १६० किलोमीटर होता. त्या काळच्या लोकांस तो अद्भुत वाटला. मात्र अहमदाबादेस विमानात पेट्रोल भरावयाचे होते आणि पेट्रोलचे डबे विमानापाशी आले ते बैलगाडीतून! आकाशातील सर्वांत नवे वाहन जमिनीवरील सर्वांत जुन्या वाहनाची वाट पाहत उभे होते. बैलांनी आपले काम केले, म्हणून विमानास आपले काम करता आले.

वेळ वाचविण्यासाठी कधी कधी अंतर वाढवावेही लागते. हे ऐकून नवल वाटेल. पण आपल्या नागपुराने ते सिद्ध करून दाखविले. १९४९ मध्ये भारतात रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई. मग प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत जाई. मुंबईच्या पेटीत संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी दिल्ली, कलकत्ता किंवा मद्रास येथे पोहोचलेले असे.

यासाठी नागपूरच का निवडले? नकाशा उघडून मुंबई ते कलकत्ता अशी एक रेघ ओढावी आणि दिल्ली ते मद्रास अशी दुसरी ओढावी. या रेघा एकमेकींस नागपूरजवळच छेदतात. नागपूरपासून मुंबई सुमारे ६८५ किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०५ आणि कलकत्ता ९८५ किलोमीटर आहे. त्यामुळे मुंबईचे पत्र कलकत्त्यास जाताना नागपूरवरून गेले तरी वळसा पडत नसे. मुंबईहून दिल्लीस जाणाऱ्या पत्रास मात्र सुमारे ४०० किलोमीटरांचा वळसा पडे. तरीही तो सोसण्यासारखा होता. चार शहरांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीत जाणारे एक आणि येणारे एक असे विमान ठेवले, तर रात्रीतून बारा फेऱ्या कराव्या लागतील. नागपुरास भेट ठरविली की चार विमाने जाऊन-येऊन आठ फेऱ्यांत सर्वांचे काम करतात. एका पत्राची वाट थोडी लांबली. पण चारही शहरांची सर्व पत्रे एका रात्रीत पोहोचली. आज ही सेवा चालत नाही. तिच्यामागील युक्ती मात्र जगभरची विमाने अजूनही वापरतात.

आतापर्यंत अंतरावरून वेळ काढला. आता उलट विचार करू. वेळ ठाऊक असेल, तर त्यावरून दुसरे काही काढता येईल काय? औंढ्याच्या शेतकऱ्यास याचे उत्तर माहीत आहे. परभणी, औंढा आणि हिंगोली ही गावे नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जवळजवळ एका ओळीत आहेत. परभणी आणि हिंगोली यांच्यामधील सरळ अंतर सुमारे ६५ किलोमीटर आहे. मोसमी पावसाचा ढग नैर्ऋत्येकडून आला, तर पाऊस आधी परभणीस, मग औंढ्यास आणि शेवटी हिंगोलीस पोहोचतो. तोच ढग आग्नेयेकडून आला, तर परभणीस आणि हिंगोलीस पाऊस जवळपास एकाच वेळी सुरू होईल. म्हणजे ढग डोळ्यांनी न पाहता, केवळ दोन गावांतील पावसाच्या वेळांची तुलना करून तो कोणत्या अंगाने आला हे सांगता येते.

हीच युक्ती शास्त्रज्ञांनी विश्वाच्या अभ्यासात वापरली आहे. अवकाशात प्रचंड वस्तूंची टक्कर झाली म्हणजे गुरुत्वीय लहरी निर्माण होतात आणि प्रकाशाच्या वेगाने सर्वत्र पसरतात. त्या टिपण्यासाठी अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे 'लायगो' नावाच्या दोन वेधशाळा बांधल्या आहेत. प्रत्येकीस काटकोनात पसरलेले चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू आहेत. दोन वेधशाळांमधील अंतर सुमारे ३,००० किलोमीटर आहे. विमानाने जाण्यास सुमारे चार तास लागतील. प्रकाशास मात्र सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी एक लहर प्रथम लिव्हिंग्स्टनला आणि त्यानंतर सेकंदाच्या सुमारे सात हजारांश भागाने हॅनफर्डला पोहोचली. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली होती, त्यांचा तो निरोप होता. मानवाने गुरुत्वीय लहर प्रत्यक्ष टिपली ती हीच पहिली.

लहर दोन वेधशाळांना जोडणाऱ्या रेघेतून सरळ आली असती, तर वेळेतील फरक दहा हजारांश सेकंद पडला असता. रेघेच्या बाजूने काटकोनात आली असती, तर काहीच पडला नसता. फरक सात हजारांशांचा पडला. म्हणजे ती तिरकी आली. परंतु केवळ दोन ठिकाणांवरून नेमकी दिशा ठरत नाही. तिसरे ठिकाण हवे, आणि चौथे असले तर अधिक चांगले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दुसरी एक लहर आली, तेव्हा इटलीतील वेधशाळेची जोड मिळाली होती. त्यामुळे आकाशाचा लहानसा भाग निश्चित करता आला आणि दुर्बिणींनी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेली ती टक्करीची जागा शोधून काढली.

अशी एक वेधशाळा भारतातही असावी, म्हणून देशभर जागांचा शोध झाला आणि निवड झाली ती औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा गावाजवळच्या माळरानाची! केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये या योजनेस तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. हे काम फार नाजूक आहे. लहर आली म्हणजे चार किलोमीटरांच्या बाहूच्या लांबीत पडणारा फरक अणूच्या गर्भातील कणाहूनही कितीतरी सूक्ष्म असतो. जवळून आगगाडी धडधडत गेली, कारखान्याचे यंत्र फिरले, गर्दीचा रस्ता गजबजला, तरी त्या थरथरीत तो फरक हरवून जाईल. म्हणून जागा अशी हवी की, जेथील जमीन स्थिर आहे आणि मोठी शहरे, गजबजलेले रस्ते व कारखाने दूर आहेत.

ज्या दूरपणाबद्दल या भागातील लोक पिढ्यान्‌पिढ्या हळहळत आले, तोच येथे गुण ठरला. एवढेच नव्हे, तर औंढा अमेरिकेतील वेधशाळांपासून अतिशय लांब आहे, हेही त्याच्या पथ्यावर पडले. गुरुत्वीय लहर विमानासारखी पृथ्वीवरून वळसा घेत नाही. ती पृथ्वीच्या पोटातून आरपार जाते. अशी आरपार सरळ रेघ ओढली, तरी औंढा आणि त्या वेधशाळा यांच्यामध्ये दहा हजारांहून अधिक किलोमीटर अंतर आहे. ठिकाणे जितकी दूर, तितका पोहोचण्याच्या वेळांतील फरक मोठा. आणि फरक जितका मोठा, तितकी दिशा अचूक.

मग औंढा नागनाथ लांब की जवळ? नामदेवांच्या पावलांनी ते पंढरपूरपासून बारा मुक्कामांवर होते. विमानाने जाणाऱ्यास ते मुंबईपासून पावणेसहा तासांवर आहे. सकाळच्या उन्हाला तेथून मुंबई गाठण्यास पाव तासाहून थोडा अधिक वेळ पुरतो. आणि विश्वाच्या दूरच्या कोपऱ्यातून येणाऱ्या लहरींना पृथ्वीवरील दुसऱ्या वेधशाळेपासून औंढ्यास पोहोचण्यास डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागणार नाही. अंतर तेच राहिले. ते कोणाला, कशासाठी आणि कोणत्या वाटेने ओलांडावयाचे आहे, त्याप्रमाणे वेळ बदलत गेला. एखादे गाव लांब आहे असे म्हणण्यापूर्वी एवढे विचारून घेणे बरे.

स्वाध्याय

१. यात्रेकरूंना गावाचे अंतर विचारले असता ते वेळ का सांगतात?

२. नांदेड व मुंबई यांच्यामधील हवाई अंतर कसे काढले, ते आपल्या शब्दांत लिहा.

३. कारणे द्या : (अ) मुंबईस जाणारे विमान कधी कधी पूर्वेस तोंड करून उडते. (आ) रात्रीच्या हवाई टपालासाठी नागपूरची निवड झाली. (इ) दूर असणे हा औंढ्याचा गुण ठरला.

४. 'साखळीतील सर्वांत मंद कडी' म्हणजे काय? धड्यातील दोन उदाहरणे द्या.

५. तुमच्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यास लागणाऱ्या वेळाचे भाग पाडा. त्यांतील कोणता भाग सर्वांत मोठा आहे व तो कसा कमी करता येईल, ते दहा ओळींत लिहा.

६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : मजल मारणे, पथ्यावर पडणे, वळसा घालणे, पाळी येणे.